दत्तक गावाचा वारसा

गेल्या महिन्यात एक निमंत्रणपत्रिका आमच्या हाती पडली. जाड, गुळगुळीत कागद; वर संस्थेचे बोधचिन्ह; खाली प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, अध्यक्ष, मार्गदर्शक, संयोजक अशी अकरा मान्यवरांची नावे, पदव्यांसह. कार्यक्रम कशाचा, तर एका उच्चशिक्षण संस्थेने ‘गोद’ घेतलेल्या गावी वह्या-पेन्सिलींचे वाटप, वृक्षारोपण, सत्कार आणि स्वल्पाहार. पत्रिका आम्ही दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. तीत गावाचे नाव नव्हते. ‘गोद ग्राम’ एवढेच छापलेले होते. संस्थेचे नाव आम्ही येथे देत नाही. अशी पत्रिका कोणत्याही संस्थेची असू शकली असती, आणि आमची तक्रार एका संस्थेपुरती नाही.

‘गोद लेना’ याला आपल्या भाषेत ‘दत्तक घेणे’ असे म्हणतात, आणि त्याचा अर्थ ग्वाल्हेरच्या मराठी माणसास कोशात पाहावा लागत नाही. ज्या दरबाराच्या पदरी आपले पूर्वज या प्रांती आले, तो दरबार दत्तकविधानावरच दोनदा तरला. १८२७ साली दौलतराव शिंदे निपुत्रिक वारले. बायजाबाईंनी दत्तक घेतले म्हणून जनकोजीराव गादीवर आले. १८४३ साली जनकोजीरावही निपुत्रिक गेले. ताराबाईंनी दत्तक घेतलेला अल्पवयीन मुलगा पुढे जयाजीराव महाराज झाला. झाशीची हकीकत तर सर्वश्रुत आहे. गंगाधररावांनी मृत्युशय्येवर, १८५३ साली, घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला. त्या अन्यायाशी झुंजत आलेल्या राणीची समाधी आपल्या फुलबागेत आहे. आपण ज्याला अजूनही बोलण्याच्या ओघात व्हिक्टोरिया कॉलेज म्हणतो, ते आज तिच्याच नावाने ओळखले जाते.

दत्तक मुलाला घराचे नाव मिळते, घर मिळते आणि घरातला हिस्सा मिळतो. त्याला वर्षातून एकदा वह्या वाटून परत धाडीत नाहीत. मग विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी जी शेकडो गावे कागदोपत्री दत्तक घेतली, त्यांच्या वाट्याला विद्यापीठाच्या इस्टेटीतले काय आले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कागद कमी पडले, असे कोणी म्हणू नये. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ३७ विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९७७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य म्हणून मान्य केले. तिसरे म्हणजे तिसऱ्या दर्जाचे नव्हे, बरोबरीचे. पुढे प्रौढशिक्षणाचे विभाग निघाले, २०१४ साली उन्नत भारत अभियान आले, २०२० च्या शैक्षणिक धोरणात समाजाशी नाते जोडण्याविषयी परिच्छेद आले, आणि आयोगाने त्यासाठी दोन क्रेडिटचा, तीस तासांचा अभ्यासक्रमही सुचविला. आम्ही आयुष्य शासकीय सेवेत घालविले असल्यामुळे परिपत्रकांचा आम्हांस तिटकारा नाही. चांगले परिपत्रक ही सुद्धा एक उपयुक्त वस्तू असते. पण सेवा योजनेचे विशेष शिबिर सात दिवसांचे, आणि नवा अभ्यासक्रम तीस तासांचा. तीस तासांत माणूस एखाद्या गावाचे रस्ते ओळखू लागतो, फार तर कुत्रे भुंकायचे थांबतात. तेथील मुलाला वजाबाकीतला हातचा का कळत नाही, हे कळायला तीस तास पुरत नाहीत.

येथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. ती आमच्या फारशी शोभेची नाही.

श्योपूर अद्याप मुरैना जिल्ह्यात मोडत असतानाची, म्हणजे १९९८ च्या आधीची ही गोष्ट. आमची नेमणूक त्या बाजूला होती. करहलच्या रानात सहरियांची वस्ती. त्यांच्या वस्तीला ‘सहराना’ म्हणतात; घरे नालेच्या आकारात बांधलेली आणि मधोमध सर्वांचा मिळून एक ‘बंगला’, म्हणजे चारही बाजूंनी मोकळे छप्पर, जेथे पंचायत बसते आणि पाहुणा उतरतो. अशा एका सहरान्यात एका महाविद्यालयाचे शिबिर भरले. मुले उत्साही होती. त्यांची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी हातपंपाचा चौथरा नीट केला, शाळेच्या भिंतीवर सुवाच्य अक्षरांत बाराखडी लिहिली. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दिवसभर त्यांच्या मागे फिरे. एका विद्यार्थिनीने त्याला संध्याकाळी बंगल्यात बसवून शिकविले, आणि शिबिर उठण्याच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःचे आणि आपल्या चार बहिणींची नावे कोळशाने जमिनीवर लिहून आम्हांस दाखविली. पाच दिवसांत पाच नावे. आम्ही त्याची पाठ थोपटली. सातव्या दिवशी शिबिर उठले, बस गेली.

पुढे चैत्रात आम्ही त्याच शाळेच्या तपासणीस गेलो. शाळेस कुलूप नव्हते, एवढेच सांगता येईल. सहरान्यात म्हातारी माणसे आणि शेळ्या तेवढ्या राहिलेल्या. बाकी सगळी वस्ती ‘चैत’ करायला, म्हणजे रब्बीच्या कापणीच्या मजुरीला, मुलाबाळांसह दूर गेली होती, दरवर्षी जाते. तो मुलगाही गेला होता. गुरुजींनी हजेरीपट पुढे केला. त्यात त्या मुलाच्या नावापुढे महिनाभर अखंड ‘उ’ होता, ‘उपस्थित’चा ‘उ’. भिंतीवरची बाराखडी तोवर पावसापाण्याने निम्मी पुसली होती, पण हजेरीपट स्वच्छ होता. त्या पानाखाली तपासणीची जी सही आहे ती आमची आहे. त्या दिवशी आणखी चार गावे उरकायची होती.

ही सही आम्ही पुढे पुष्कळदा आठविली, विशेषतः कूनोची बातमी वाचताना. त्याच मुलखातल्या कूनो अभयारण्यातून १९९८ ते २००३ या काळात २४ गावे उठविण्यात आली. त्यांतली बहुसंख्य कुटुंबे सहरियांची. गीरचे सिंह येणार म्हणून गावे उठली; सिंह आले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते आले, २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा. तो कोठे बसला, कोठे उठला, काय खाल्ले याची अहोरात्र नोंद. चित्त्यांविषयी आमच्या मनात आकस नाही. परंतु एका जनावराचा ठावठिकाणा ठेवण्याची जी विद्या आपल्यापाशी आहे, तिचा दशांशही त्याच रानातल्या मुलाच्या वाट्याला येऊ नये, आणि तो सहा महिने कोठे आहे याचे उत्तर हजेरीपटातल्या एका ‘उ’ने मिटावे, हे आम्हांस सहन होत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार ग्वाल्हेर जिल्ह्यात साक्षरता सुमारे ७७ टक्के होती, श्योपुरात ५७. श्योपूरच्या स्त्रियांत तर ४४. त्या आकड्यांच्या तळाशी सहरिया आहेत. मध्यप्रदेशातल्या तीन विशेष मागास आदिम जमातींपैकी ही एक, संख्येने सहा लाखांच्या वर. आणि त्यांच्या वस्त्या काही अरण्यप्रदेशात हरवलेल्या नाहीत. आग्रा–मुंबई मार्गावरचे आपले घाटीगाव ग्वाल्हेर जिल्ह्यातच आहे. शिवपुरीला जाता-येता त्यांच्या झोपड्या आपण सर्वांनी गाडीच्या काचेतून पाहिल्या आहेत.

यावर जो युक्तिवाद नेहमी ऐकू येतो तो आम्हांस पाठ आहे. विद्यापीठाचे काम उच्च शिक्षण आणि संशोधन. पहिली-दुसरीची मुले ही शासनाची जबाबदारी. वरती ज्ञानाचा साठा झाला की ते आपोआप खाली झिरपेल. हा झिरपण्याचा सिद्धान्त फार जुना, आणि त्याचे खंडनही आपल्याच भाषेतल्या माणसाने केलेले आहे. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांचा आक्षेप हाच होता की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर; आणि त्या शिकलेल्यांनी आपले ज्ञान खाली पोचविल्याचा पुरावा कोठे दिसत नाही. वाचकांपैकी ज्यांना फुले परके वाटतात त्यांनी एक ध्यानात घ्यावे. तो आरोप ज्यांच्यावर होता ते आपलेच पूर्वज, किंवा पूर्वजांचे सोयरे होते. आणि सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्याला उत्तर देण्यासाठी आपल्यापाशी निमंत्रणपत्रिकेखेरीज काही नाही.

आपल्याला काय मिळाले, ते मोजून पाहावे. दौलतरावांची छावणी पडली आणि तिचे लष्कर झाले. त्या लष्करात आपल्याला वाडे मिळाले, कारकुन्या मिळाल्या, कोणाला जहागिऱ्या. १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा निघाली, ती आज किल्ल्यावर सिंदिया स्कूल म्हणून दिमाखात उभी आहे. कॉलेज निघाले तेव्हा पहिल्या बाकांवर आपण होतो. पदवीसाठी आधी आग्र्याच्या विद्यापीठाकडे, नंतर उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाकडे पाहावे लागे. १९६४ साली जिवाजी विद्यापीठ झाले, डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि पदवी घरच्या अंगणात आली. आमच्या पिढीतले बहुतेक जण त्याच अंगणातून नोकरीला लागले. ही सारी इस्टेट कोणाच्या करावर उभी राहिली, याचा विचार आम्ही सेवेत असताना केला नाही. सेवानिवृत्तीनंतर माणसाला हिशेब तपासायला सवड मिळते.

शहाणी विद्या घराबाहेर काढता येते, हे ग्वाल्हेरने एकदा करून दाखविले आहे, आणि तेही आपल्याच लोकांच्या हातून. ख्यालगायकी हद्दू-हस्सू खाँसाहेबांच्या घराण्यात होती. गुरूच्या पायाशी वर्षानुवर्षे बसेल त्यालाच मिळायची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी घेऊन दक्षिणेत गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी येथे शंकर गांधर्व विद्यालय काढले, आणि १९१८ साली माधवराव महाराजांच्या आश्रयाने व पं. भातखंडे यांच्या योजनेने माधव संगीत महाविद्यालय उघडले. घराण्यातली विद्या पुस्तकात मांडली तर ती हलकी होईल, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण ही मंडळी सात दिवसांचे शिबिर भरवून परतली नाहीत. त्यांनी स्वरलिपी सिद्ध केली, वर्षवार पाठ लावले, परीक्षा ठेवल्या, आणि रोज ठरल्या वेळी वर्गात जाऊन बसले. गाणे झिरपत झिरपत आपल्या घरांत आलेले नाही. कोणीतरी ते उचलून आणले.

विद्यापीठातले लोक खेड्यातल्या शाळेत टिकून बसले, याचाही दाखला आपल्या राज्यात आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून त्याचे नाव नर्मदापुरम्) किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी शासनाच्या परवानगीने १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याचा प्रयोग आरंभिला. पुढल्याच वर्षापासून दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक त्यात उतरले, आणि अनुदान आयोगाने त्यासाठी त्यांना पाठ्यवृत्त्या दिल्या. १९७८ साली तो प्रयोग जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत गेला, १९८२ साली त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. पद्धत साधी होती. शाळा सरकारी, गुरुजी सरकारीच. त्यांनाच सुट्टीत प्रशिक्षण द्यायचे, दर महिन्याला एकत्र बसवून अडचणी विचारायच्या. मुलांनी चौघाचौघांच्या टोळीने प्रयोग स्वतः करायचा, फूल स्वतः उलगडायचे. परीक्षेत पुस्तक उघडून ठेवायची मुभा, कारण पाठांतराची परीक्षा घ्यायचीच नव्हती. आणि ‘सवालीराम’ नावाचा एक काल्पनिक इसम होता, ज्याला कोणत्याही गावातल्या मुलाने पत्र टाकावे, कोणताही प्रश्न विचारावा, आणि त्याला उत्तर जावे. खेड्यातल्या मुलाच्या प्रश्नाला विद्यापीठातून टपालाने उत्तर जाते, ही कल्पना आम्हांस आजही रोमांचित करते.

तीस वर्षे तो चालला. २००२ साली शासनाने बंद केला. जिल्हा नियोजन समितीत ठराव झाला, मुले पुढच्या परीक्षांत मागे पडतात अशी तक्रार होती, आणि एका आदेशासरशी सारे आवरले. त्या प्रयोगात उणिवा नव्हत्या असे नव्हे. सहावी ते आठवी एवढाच त्याचा आवाका. जे मूल पाचवीच्या आतच शाळेबाहेर पडले, त्याला सवालीरामचा पत्ता कोण सांगणार? पण उणीव दिसली तर खालचे वर्ग जोडावेत, घर मोडू नये. तेव्हा आम्ही त्याच शासनाचा पगार घेत होतो. ना आम्ही काही बोललो, ना आमच्या ओळखीच्या एकाही प्राध्यापकाने या राज्यातल्या विद्यापीठांतून आवाज उठविल्याचे आम्हांस स्मरते. आंदोलन राहो, एखादे पत्रही आम्ही वर्तमानपत्राला धाडले नाही.

तेव्हा हिस्सा द्यायचा तर कसला द्यायचा? वह्यांचा नव्हे, वह्या शासनही देते. विद्यापीठाची खरी इस्टेट म्हणजे त्याचा वेळ, त्याच्या परीक्षा आणि त्याच्या बढत्या. गणिताच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक पूर्ण वर्ष, आठवड्यातले दोन दिवस, घाटीगावच्या एकाच शाळेत भागाकार शिकवावा. मुले कोठे चुकतात, का चुकतात, याची टिपणे लिहावीत. आणि तोच त्याचा प्रबंध मानून त्याला गुण द्यावेत. हे आमच्या मते पुष्कळशा छापील संशोधनाहून अधिक कष्टाचे आहे आणि अधिक उपयोगाचेही. हिंदी विभागाने सहरियांच्या बोलीतले शब्द गोळा करून पहिलीच्या गुरुजींच्या हाती द्यावेत. कारण त्या मुलाला पुस्तकातली हिंदी ही घरची भाषा नाही. समाजशास्त्राने चैताचा मार्ग शोधावा: कोणते कुटुंब कोणत्या गावी जाते, किती दिवस राहते, आणि तेथल्या शाळेत त्या मुलाला दोन महिने बसू देतात की नाही. वस्तीत मंडप घालण्याची गरज नाही. मधोमध बंगला आहे. आणि ज्या प्राध्यापकाने दहा वर्षे एक गाव सोडले नाही, त्याच्या बढतीच्या वेळी ती दहा वर्षे मोजली जावीत. आज त्याला परिसंवादातला दहा मिनिटांचा निबंध अधिक फलदायी ठरतो, मग तो गावी कशाला जाईल? तो मूर्ख नाही.

गाव एकच, वर्षे दहा. त्याहून अधिक गावे दत्तक घेणाऱ्या महाविद्यालयाकडे आम्ही तरी संशयाने पाहू. २०२४ साली गुना येथे क्रांतिवीर तात्या टोपे यांच्या नावाने नवे विद्यापीठ निघाले आहे. येवल्याचा हा माणूस शिवपुरीच्या मातीत संपला; याच रानांतून तो महिनोन्‌महिने हिंडला होता. नव्या विद्यापीठाला जुन्या सवयी अजून लागायच्या आहेत, तेव्हा त्याच्याकडून थोडी आशा धरायला हरकत नसावी.

आता आपल्या मंडळाविषयी. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो; नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलांना शाल, श्रीफळ, पेढे. मुले आपलीच, टाळ्या आपल्याच. ते थांबवा असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या नातीनेही ती शाल घेतली आहे. परंतु आपल्यांत निवृत्त शिक्षक किती आहेत, अभियंते किती, बँकेतले किती, हे पाहा. सकाळी फुलबागेत चार फेऱ्या मारून झाल्या की दिवस उरतो. मुलांना आता मराठी येत नाही याचे दुःख आपण दर बैठकीत करतो. ज्याच्या घरची बोली शाळेत चालत नाही अशा मुलाचे दुःख मग आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. मंडळाच्या ग्रंथालयाची एक खोली दुपारी बंदच असते. तिची किल्ली कोणापाशी आहे, हे चिटणीसांनी पुढच्या बैठकीत सांगावे. शहरात मजुरीला आलेल्या सहरिया कुटुंबांची मुले त्या खोलीत बसविता येतील. शिकवायला आम्ही येऊ, आणखी दोघे तयार आहेत.

त्या निमंत्रणपत्रिकेवर एक दूरध्वनी क्रमांक होता. आम्ही फोन केला आणि तीन गोष्टी विचारल्या: गावाचे नाव काय, तेथे शाळेच्या वयाची मुले किती, आणि मागच्या वर्षी आलेल्यांपैकी यंदा कोण येणार. पलीकडचे गृहस्थ फार अदबीने बोलले. आम्ही ज्येष्ठ नागरिक आहोत हे कळताच, आपल्यासाठी गाडी पाठवू का, असे त्यांनी विचारले. गावाच्या नावाची काळजी करू नका, म्हणाले. ते चालकाला माहीत आहे.